मेकअपची तेरीज

मी बी.कॉम. झालेला माणूस. त्यामुळे 'ट्रायल' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ट्रायल बॅलन्स, म्हणजे आपली तेरीज उभी राहते. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा, आणि खाली बेरजा जुळल्या की कॉलेजात आम्ही परमार्थ साधल्यासारखे हसायचो. म्हणून ताईनं फोनवर, "अरे, रविवारी मुक्ताची ट्रायल आहे. माझा गुडघा आखडलाय, तू जा तिच्याबरोबर," असं सांगितलं तेव्हा मला वाटलं, पोरीनं एवढ्यात कसली परीक्षा काढली! मग कळलं की लग्नाआधी महिनाभर नवरीच्या मेकअपची रंगीत तालीम असते. रंगीत हा शब्द इतक्या शब्दशः मी प्रथमच अनुभवला.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसानं बायकांच्या नटण्यामुरडण्यात नाक कशाला खुपसावं? पण मी मामा आहे. पिवळी अष्टपुत्री माझ्याकडची. "मामांनी मुलीला घेऊन यावं" असा गुरुजींनी पुकारा केला की तिला अंतरपाटाशी नेणारा मी. आपण नेतोय ती आपलीच भाची आहे, एवढी खात्री करून घ्यायचा हक्क मला आहे की नाही? नमुना सहीशी सही जुळली नाही तर आम्ही लाखाचा चेक परत करतो. इथे तर अख्खं माणूस हातात देतात.

मुक्ता तयारीला पक्की. पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनियर आहे, पाइप बसवण्याआधी त्यातून पाणी सोडून बघणाऱ्यांतली. आदल्या दिवशी कानामागे जरासं फाउंडेशन लावून खाज येत नाही ना हे पाहिलं. भुवया दोन दिवस आधीच कोरून घेतल्या, कारण कोरल्या-कोरल्या कातडी लाल होते. पिवळा कुडता घातला. पिशवीत नथ, मुंडावळ्या आणि साडीचा फोटो. दोन कोरे रुमालसुद्धा. मी फक्त पाकीट घेतलं, आणि नंतर कळलं की तीच मुख्य तयारी होती. ट्रायलचे साडेतीन हजार. लग्नाच्या बिलातून वजा होणार नाहीत. कर्जाच्या प्रोसेसिंग फीबद्दल मी काउंटरवर हीच वाक्यं बोलत आलोय. पलीकडच्या बाजूला ती कशी लागतात हे कळलं.

मेकअपवाल्या बाईंनी मुक्ताला खुर्चीत बसवलं, गोल दिवा पेटवला आणि मला विचारलं, "किती शेड उजळ करू? दोन की तीन?"

शिंपी "किती इंच उसवू?" असं विचारतो ना, तसं.

माझा सगळा राग इथून सुरू होतो. पोरगी सावळी आहे. रंग तिच्या बाबांचा, आणि बाबांचा रंग पंढरपूरच्या विठोबाचा. त्या विठोबाच्या पायांवर डोकं टेकायला माणसं तासन् तास रांगेत उभी राहतात; "देव छानच, पण दोन शेड उजळ असता तर" असं म्हणणारा वारकरी मी अजून पाहिलेला नाही. मग हा नियम नेमका भाचीलाच का? कोणी म्हणेल, तो काळ गेला. 1975 साली बाजारात आलेलं 'फेअर अँड लव्हली' 2020 साली 'ग्लो अँड लव्हली' झालं हे खरं. पण क्लार्कला हल्ली 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात म्हणून काउंटरपुढची रांग कमी झाली नाही. त्या बाईही 'गोरी' हा शब्द एकदासुद्धा बोलल्या नाहीत. "ग्लो आणू या," एवढंच म्हणाल्या, आणि तीन शेडचा ग्लो आणला.

"फोटोत छान येतं," हा त्यांचा मुख्य मुद्दा. काय छान येतं? चेहरा एका खात्यातला, मान दुसऱ्या खात्यातली आणि हिरव्या चुड्याचे हात तिसऱ्याच शाखेतले. फाउंडेशन जबड्याच्या कडेला लावून, खिडकीतल्या उजेडात मानेशी ताडून बघावं, हे मुक्तानं मला रिक्षात समजावलं होतं. तिनं खिडकी कुठाय विचारलं. खिडकी नव्हती! एसी होता. लग्न मे महिन्यात, मुहूर्त सकाळी अकराचा. आदल्या दिवशीची हळद अंगात मुरलेली, पुढ्यात होम, लाह्यांचा धूर, घामानं कपाळावर सरकणाऱ्या मुंडावळ्या. यातल्या एकाचीही ट्रायल त्या गार खोलीत होत नव्हती.

परत लोकलनं आलो. ती लेडीज डब्यात आणि मी जनरलमध्ये, त्यामुळे पिवळ्या कुडत्यावरची ती नवरी चौथ्या सीटवर कशी बसली मला ठाऊक नाही. दार आईनं उघडलं. बघतच राहिली. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "किती गोड दिसतेस गं! देवानं अशीच जन्माला घातली असती तर काय बिघडलं असतं त्याचं?"

आई दुष्ट नाही हो. नात सव्वीस वर्षांची होईपर्यंत तिनं डाळीचं पीठ अन् साय स्वतः कालवलीय. मुक्ता काही बोलली नाही. मोरीत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

मी तावातावानं आईशी भांडायला उठलो, आणि बसलो. कारण मला एक कागद आठवला. दीड वर्षापूर्वी मुक्ताचा बायोडाटा टाइप केला तो मी, बँकेतल्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. रंग : निमगोरा. ताईनं सांगितलं नव्हतं, कोणीच नव्हतं. ताळेबंद आहे त्यापेक्षा गोजिरा दाखवणं, याला आमच्यात विंडो ड्रेसिंग म्हणतात. त्यावर मी परीक्षेत टीप लिहिलेली आहे. पार्लरवाल्या बाईंनी फक्त माझी नोंद पुढच्या पानावर ओढली होती. तेरजेची हीच तर गोम. बेरीज चुकली तर ती ओरडून सांगते. मुळात तत्त्वच चुकलं असेल तर दोन्ही बाजू गुण्यागोविंदानं जुळतात.

रात्री मुक्ताला ते सांगितलं. "माहितेय मामा," ती म्हणाली. "ह्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं, बायोडाटात एक प्रिंटिंग मिस्टेक आहे."

मग तिनं बाईंना फोन लावला. फाउंडेशन मानेच्या रंगाचं, खुर्ची गॅलरीत, ट्रायल दुपारी बारा वाजता. पलीकडून आवाज आला, "फोटोत डार्क येईल हं."

"मी डार्कच आहे."

दुसऱ्या ट्रायलचे दोन हजार. या वेळी बाई घरी आल्या, उन्हात बसून त्यांचाच मेकअप आधी ओघळला, पण काम त्यांनी झकास केलं, हे कबूल करायला हवं. डोळे काय दिसत होते पोरीचे! बाई जाताना स्वतःहून दोन फोटो काढून घेऊन गेल्या.

आईनं चष्मा पुसून तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मला बाजूला घेऊन कुजबुजली, "अरे, त्या बाईनं केलं काय? ही तर आपली नेहमीची मुक्ताच दिसतेय. याचे पैसे दिलेस तू?"

"दिले," मी म्हटलं.