नाक दाबलं की तोंड उघडतं

या सदरात मी दरवर्षी फराळ, पार्किंग किंवा सासूबाईंचा व्हिसा यांपैकी कशावर तरी लिहितो. यंदाचा विषय आहे माझं नाक.

लहानपणापासून माझी डावी नाकपुडी नावालाच होती. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं घरी म्हणत. खरं तर वाढलेलं काही नव्हतं, दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा होता. इथे इंग्लंडमध्ये जीपीच्या चिठ्ठीपासून ऑपरेशनच्या तारखेपर्यंत वर्ष गेलं आणि तारीख मिळाली ती नेमकी गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. साताऱ्याला आईला कळवलं नाही. ‘सर्दीने आवाज बसलाय,’ एवढंच सांगितलं. ७८ वर्षांची बाई, तिच्या जिवाला उगाच घोर कशाला?

हॉस्पिटलने सूचनांचा कागद दिला होता. पहिले काही दिवस नाकातून रक्तमिश्रित पाणी येणार, आत खपल्या धरणार, त्याला घाबरायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्याखाली दोन उशा घ्यायच्या. कडकडीत पाण्याची अंघोळ आणि वाफाळता चहा बंद, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात. सहा दिवस मी हे सगळं शहाण्या मुलासारखं पाळलं.

सातव्या दिवशी नरक चतुर्दशी उजाडली. अभ्यंगस्नान कोमट पाण्याने कसं करायचं? बायको रात्रपाळीवरून यायची होती, अडवणारं कोणी नव्हतं. मनसोक्त गरम पाणी घेतलं. उटण्याची पूड नाकात गेली, शिंक आली आणि शाळेतल्या सवयीने मी ती नाक-तोंड दाबून आतल्या आत जिरवली. पुढच्या क्षणी समोरचं बेसिन लालभडक झालं.

घोळणा फुटला की आमच्याकडे मान मागे, डोक्यावर गार पाण्याची धार आणि नाकाशी फोडलेला कांदा. माझीही मान आपोआप मागे गेली. तेवढ्यात सोळा वर्षांची लेक दारातून ओरडली, “बाबा, पुढे वाका!” कागद तिनेही वाचला होता. मान मागे टाकली की रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण ते घशातून पोटात उतरत असतं. मग मळमळतं, उलटी होते, आणि किती रक्त गेलं ते कळतही नाही.

तिने मला खुर्चीत बसवलं, पुढे झुकवलं, मांडीवर टॉवेल दिला. नाक दाबायचं ते वरच्या हाडाशी नाही, खालच्या मऊ भागाशी, दोन्ही बाजूंनी. श्वास तोंडाने. घशात आलेलं रक्त गिळायचं नाही, थुंकायचं. आणि मुख्य म्हणजे ‘थांबलं का बघू’ म्हणून मध्येच सोडायचं नाही. घड्याळ लावून सलग दहा ते पंधरा मिनिटं.

घड्याळ लेकीच्या फोनवर लावलं होतं. चौथ्या मिनिटाला त्याच फोनवर साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला आणि तिने सवयीने तो घेतला. आईला काय दिसलं असेल याची कल्पना करा.

“अगं, काय झालं त्याला? मान मागे कर त्याची! कांदा आण!”

“आजी, बाबांना आत्ता बोलायचं नाहीये. तू नुसती थांब.”

आई थांबली. एक शब्द न बोलता पंधरा मिनिटं पुरी होईपर्यंत पडद्यावर बसून राहिली. नाक सोडलं तेव्हा रक्त थांबलं होतं.

मग १११ ला फोन केला, दुपारी हॉस्पिटलात दाखवून आलो. आतली खपली सुटली होती. ऑपरेशननंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास असं होऊ शकतं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, धार लागली, चक्कर आली किंवा रक्त गिळून उलट्या झाल्या, तर वाट न पाहता थेट ए अँड ई. तेही स्वतः गाडी चालवत नाही.

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन. “आईला चोरून ऑपरेशन करतोस?” मी निमूटपणे ऐकून घेतलं. मग ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “श्रावणात माझाही घोळणा फुटला होता. दोनदा. एकदा अर्धा तास थांबेना. तू तिकडे लांब, तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हणून नाही बोलले.”

माझंच वाक्य मला परत मिळालं होतं.

आईला स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. गुडघा दुखतो म्हणून ती केमिस्टकडून एक वेदनाशामक आणून त्याबरोबर घेत होती, हे मला त्या दिवशी कळलं. अशा बऱ्याच वेदनाशामकांनीही रक्तस्राव वाढतो आणि दोन्ही एकत्र म्हणजे दुप्पट धोका. दुसऱ्याच दिवशी चुलतभाऊ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तदाबही वाढलेला निघाला. वेदनाशामक बंद झालं, रक्तदाबाची गोळी बदलली. स्टेंटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी तशाच ठेवल्या. त्या आपल्या मनाने बंद करणं रक्तस्रावाइतकंच जिवावर बेतू शकतं.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आमच्या घरात अशी दोन्ही अर्थांनी खरी ठरली. आता रविवारच्या फोनवर आई आधी विचारते, “काय लपवलंयस?” मग तेच मी तिला विचारतो. तिच्या सगळ्या गोळ्यांची यादी माझ्या फोनमध्ये आहे आणि माझ्या गोळ्यांची तिच्या कॅलेंडरच्या मागे.

यंदाच्या पहाटे पाणी हवं तेवढं गरम घेणार आहे. तुम्हीही घ्या. आणि घरी शुभेच्छांचा फोन कराल तेव्हा चकल्या कशा झाल्या हे विचाराच, पण गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत तेही विचारा. उत्तर यायला थोडा वेळ लागला, तर फोन ठेवू नका.