पळसाला पाने तीनच
मंगळवारची संध्याकाळ. एका लेखकाच्या मावशीच्या घरी वकील, पाद्री, चित्रकार आणि स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त न उलगडलेल्या रहस्यांवर बोलायला जमलेत. मावशी विणत बसली आहे. ती कोडं घालते ते असं: बाजारातून घेतलेली सोललेली कोळंबी गावातल्या एका बाईंच्या घरी पोहोचलीच नाही, गेली कुठे? मंडळी गालातल्या गालात हसतात. मग चर्चेतल्या खुनाचा उलगडा मात्र मावशीबाईच करतात! अगाथा ख्रिस्तीची ही मिस मार्पल १९२७ साली कथेत अवतरली. तिच्याकडे ना प्रयोगशाळा, ना पोलिसी अधिकार. संशयित दिसला की तिला गावातला कुणीतरी आठवतो: हिशेबात हात मारणारा, बायकोशी गोड बोलून बाहेर भानगड करणारा. आपण म्हणतो, व्यक्ती तितक्या प्रकृती. मार्पलबाईंचा अनुभव उलटा: कुठेही जा, पळसाला पाने तीनच. लोभ, भीती, मत्सर गावातही तेच आणि हवेलीतही तेच. बदलते ती फक्त रक्कम. मला या कथांमधली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. खुनी लपतो तो प्रतिष्ठेच्या आडोशाला आणि मार्पलबाई लोकरीच्या गुंड्याआड. एकाला आपण भला माणूस समजून सोडून देतो, दुसरीला बिचारी म्हातारी समजून. रहस्यकथेतला खरा आरोपी बऱ्याचदा आपली ही झापडबंद नजरच असते.