बाळाच्या डोळ्याला ‘मोठं झाल्यावर बघू’ चालत नाही

गेल्या महिन्यात पाच महिन्यांच्या एका बाळाला घेऊन त्याची आई आणि आजी दवाखान्यात आल्या. बाळाच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका. “फूल पडलंय. जन्मापासूनच आहे,” आजी म्हणाल्या. मग इतके दिवस का थांबलात? “एके ठिकाणी दाखवलं होतं. ते म्हणाले, वर्षाचा होऊ द्या, मग बघू. एवढ्याशा जिवाला भूल सोसायची कशी, डॉक्टरसाहेब?”

तो जन्मजात मोतीबिंदू होता. आजींची काळजी मला समजते, पण मिळालेला सल्ला चुकीचा होता. तो का चुकीचा, हे सांगायचे तर थोडे मेंदूविषयी बोलावे लागेल.

आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, पण खरे पाहतो तो मेंदू. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलातून सुमारे दहा लाख चेतातंतू मेंदूकडे जातात. कोणी कोठे जोडले जायचे, हे कोण ठरवते? पहिले काम जनुकांचे. तंतूंना वाट दाखवणारी रसायने त्यांच्याच हुकमाने तयार होतात. पण माणसाची जनुके साधारण २० हजार आणि मेंदूतील चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी! प्रत्येक जोडणीचा हुकूम जनुकांत लिहिलेला असणे शक्यच नाही. जनुके पाकिटावर गाव आणि गल्ली लिहितात. घर शोधायचे बाकी राहते.

ते कसे शोधले जाते, याचा उलगडा मोठा गमतीचा आहे. १९९१ साली अमेरिकेत कार्ला शॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजर आणि फेरेट (हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी) यांच्या डोळे न उघडलेल्या पिलांचे दृष्टिपटल तपासले. उजेड नाही, समोर काही दृश्य नाही. तरी तिथल्या पेशी आपणहून विद्युत संकेत सोडत होत्या. तेही कसे, तर शेजारच्या पेशी एकापाठोपाठ एक, वाऱ्याने ज्वारीच्या रानातून लाट जावी तशा. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा नवी लाट. जे तंतू एकाच वेळी जागे होतात ते एकमेकांचे शेजारी, हे मेंदूला यातून उमगते. त्यांच्या जोडण्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून पडतात. दोन डोळ्यांच्या लाटा वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून डाव्याउजव्याची वाटणीही होते. शॅट्झ आणि मायकेल स्ट्रायकर यांनी मांजराच्या गर्भात ही विद्युत हालचाल औषधाने थांबवली, तेव्हा ती वाटणी झालीच नाही. हा प्रयोग १९८८ चा.

(पोटाशी मोबाईल धरून बाळाला गाणी ऐकवणाऱ्या भावी मातांना मी म्हणतो, गाणी तुम्ही आनंदाने ऐका, बाळ मात्र आपला अभ्यास आपणच करीत असते.)

डोळे उघडल्यावर मात्र ही आतली तालीम पुरत नाही. तेथून पुढे खरी दृश्ये लागतात, आणि त्यांना मुदत असते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतील पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देत नव्हत्या. त्यांची जागा उघड्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरावर असा परिणाम झाला नाही. या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणूनच आजींच्या स्वतःच्या मोतीबिंदूला सहा महिने उशीर चालतो. त्यांच्या मेंदूची जोडणी कधीच पुरी झाली आहे. बाळाचा दाट मोतीबिंदू मात्र पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत काढलेला उत्तम. भुलेची भीती रास्त आहे, पण लहान मुलांना भूल देणारे तज्ज्ञ आज मोठ्या रुग्णालयांत आहेत. उशीर झाला म्हणून प्रयत्न सोडावा असेही नाही. प्रा. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये आपल्याच देशातील बरीच मोठी मुलेही शस्त्रक्रियेनंतर पाहायला शिकली; फक्त नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही. आणि पांढरी बाहुली म्हणजे क्वचित डोळ्यातील कर्करोगाची गाठही असते, हे वेगळेच.

माझे म्हणणे एवढेच की, बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुलीतून लाल चमक दिसते का, हे पाहिलेच पाहिजे. मिनिटाचे काम आहे. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. पण वजन, लस आणि नाळ यांच्या गडबडीत डोळा राहून जातो, हे मी स्वतः पाहतो आहे.

त्या बाळाची शस्त्रक्रिया झाली. नजर किती येईल याची हमी मी दिली नाही. आता चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदू डाव्या डोळ्याची दखल घेईल. “चांगला डोळा कशाला झाकता?” म्हणून आजी पुन्हा बिथरल्या. त्यांना मी हेच सारे सांगितले, ज्वारीच्या रानासकट. पट्टी आता त्याच बांधतात.