स्वस्त गॅस आटला, भरपाई कुणाकडून?



एकाच सावकाराच्या भरवशावर पेरणी करणाऱ्याची गत काय होते, हे आपल्याला सांगायला नको. जर्मनीसारख्या धनाढ्य देशाचीही तीच गत झाली.

२०२१ साली जर्मनीत बाहेरून येणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस एकट्या रशियाचा होता. त्या स्वस्त गॅसवर रसायने, काच, खते यांचे कारखाने चालत. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि सप्टेंबरपर्यंत समुद्राखालची मोठी पाइपलाइन कोरडी पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीएएसएफ कंपनीने लुडविग्सहाफेनचा अमोनियाचा एक कारखाना बंद करण्याचे जाहीर केले.

उद्योग आणि घरे सावरायला सरकारने २०० अब्ज युरोंची तरतूद केली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये कोरोनासाठीचे ६० अब्जांचे कर्ज दुसरीकडे वळवणे न्यायालयाने बेकायदा ठरवले. तिजोरीला खिंडार पडले. ते बुजवायला सरकारला कोण सापडला? शेतकरी! शेतीच्या डिझेलची सवलत काढायला घेतली. जानेवारी २०२४ मध्ये हजारो ट्रॅक्टर बर्लिनमध्ये उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये पैशाच्याच भांडणात सत्तेतली आघाडी फुटली.

आपला युरियाही गॅसपासूनच बनतो आणि त्यातला बराच गॅस परदेशातून येतो. गोणीवर भाव छापलेला असतो, गॅस कुणाचा ते छापलेले नसते. उद्या तो आटला तर बोजा कुणावर पडणार? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे, असे आम्हाला वाटते.