उमेदवार ते लाडका भाऊ

'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीने पळवला आहे. पूर्वी कचेरीत, छापखान्यात, पेढीवर बिनपगारी वा तुटपुंज्या वेतनावर राहून काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. 1961 च्या कायद्यातला 'शिकाऊ उमेदवार' हा त्याचाच वारस. उमेदवारीत पिळवणूक होती, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शब्दातच 'उमेद' होती आणि ती कशाची, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे.

जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आणली. बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, आयटीआय वा पदविकाधारकांना 8,000, पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने. लोकांच्या तोंडी मात्र 'लाडका भाऊ' हेच नाव रुळले. आपल्याकडे ओवाळणी भाऊ घालतो. इथे ती भावालाच मिळाली. शिकणाऱ्याचे नाते कामाशी आणि काम शिकवणाऱ्याशी असते. लाडक्याचे नाते केवळ देणाऱ्याशी उरते, आणि देणाऱ्याचा हात आखडला की तेही संपते. मार्च 2025 मध्ये मुदत वाढून अकरा महिने झाली. अकरा महिन्यांनंतर प्रमाणपत्र आणि घर. 'आम्हांला कायम करा' म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा 'प्रशिक्षण संपले की जायचेच असते' असे त्यांना ऐकवले गेले. युक्तिवाद बिनतोड आहे. अट एकच, प्रशिक्षण झालेले असावे.

अर्थसंकल्पातील कपात आपण आकड्यांत शोधतो. आमच्या मते ती पदांत शोधावी. विद्यावेतन थेट खात्यात जमा होते, ते दिसते, त्याचा फलक लागतो. शिकवणाऱ्याचे पद रिक्त राहिले तर त्याचा फलक लागत नाही. आयटीआयमधील शिल्पनिदेशकाची जागा भरली जात नाही, किंवा तासिका तत्त्वावर भरली जाते. (तासिका तत्त्व म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.) शिकणाऱ्याला पैसे आणि शिकवणाऱ्याला काट, अशी ही बचत आहे. हिला कुणी कपात म्हणत नाही, कारण ज्यावर खर्चच झाला नाही ते कमी झाल्याचे कळणार कसे?

आमच्या भंडारा जिल्ह्याला तरी हे कळायला हवे होते. हा पितळी भांड्यांचा आणि कोशाच्या कापडाचा जिल्हा. मोहाडी-आंधळगावकडच्या विणकराच्या घरातले मूल आधी कांड्या भरते, मग सुटलेले धागे जोडते, आणि पुष्कळ काळाने मागावर बसते. सहा महिन्यांत तिथे फक्त हात धाग्याला सरावतो. त्या शिक्षणाला अर्थसंकल्पात शीर्ष नव्हते, विद्यावेतन तर नव्हतेच. पण शेजारी एक जाणता माणूस दिवसभर बसलेला असे. त्या व्यवस्थेचे गोडवे आम्हांला गायचे नाहीत, तिने जातीबाहेरच्याला मागाजवळ फिरकू दिले नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षणात व्यवहारोपयोगी ज्ञान मागितले, ते ज्यांना असा वारसा नव्हता त्यांच्यासाठीही. सरकारी प्रशिक्षणाचे खरे समर्थन तेच आहे: ज्याच्या घरात जाणता नाही, त्याला तो राज्याने द्यावा. जाणत्यालाच वगळून उरते ती स्वस्त मनुष्यबळाची सोय.

आमची एक विद्यार्थिनी, मराठीत एम.ए. झालेली, या योजनेत अकरा महिने एका गावच्या प्राथमिक शाळेत होती. गेल्या वर्षी ती एका अर्जातले शुद्धलेखन तपासून घ्यायला आली. 'अनुभव' हा रकाना रिकामा होता.

"चौथीचा वर्ग सांभाळलास ना?"

"हो सर. पण प्रमाणपत्रावर प्रशिक्षण लिहिलंय. अनुभव कसा लिहू?"

"मग प्रशिक्षण लिही. कुणी दिलं ते?"

ती जरा थांबली. "कुणी नाही सर. वर्गावर मी एकटीच होते."