उणे साठ अंश हा आकडा पुरेसा नाही

जानेवारी २०२५ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या, म्हणजेच डीआरडीओच्या, ‘हिमकवच’ या बहुस्तरीय पोशाखाने हिमालयातील वापर-चाचण्या यशस्वीपणे पार केल्या. अधिक वीस ते उणे साठ अंश सेल्सिअस तापमानात तो वापरता येतो, हा आकडा बातम्यांचा मथळा ठरला. दीर्घकाळ ज्या वस्त्रांसाठी आपण परदेशांवर विसंबून होतो, ती येथे घडावीत, ही निश्चितच समाधानाची बाब आहे. तथापि, केवळ तापमानावरून उबदार पोशाखाची पारख करण्याची आपली सवय शास्त्राला धरून नाही. पोशाख किती थंडीत चालतो, हा अर्धा प्रश्न झाला. त्या थंडीत तो अंगावर असताना माणूस काय करणार आहे, हा उरलेला अर्धा.

मुळात कापड ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते. कापडाचे काम एवढेच, की तंतूंच्या जाळ्यात हवा अडकवून ती स्थिर ठेवणे. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून उबदार कपड्याचे दोन शत्रू आहेत: हवेचे पोकळ थर दाबणारी हालचाल आणि त्या थरांत शिरणारा ओलावा. धावणारा, चढणारा माणूस हे दोन्ही शत्रू स्वतःबरोबरच घेऊन निघतो.

थोडे गणित मांडू. कपड्यांचा उष्णतारोध मोजण्यासाठी १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचवण्यात आले. सुमारे एकवीस अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल इतका पोशाख म्हणजे एक क्लो. आता बाहेर उणे दहा अंश आहेत असे समजा. स्वस्थ बसलेला पहारेकरी जवळपास शंभर वॅट उष्णता निर्माण करतो आणि त्यातील सुमारे पाऊणशे वॅट कपड्यांतून बाहेर जाते. त्वचा तेहतीस अंशांवर राखायची, तर त्याला साधारण साडेसहा क्लो लागतात. तोच माणूस ओझे घेऊन चढू लागला, की उष्णता सहापट होते आणि त्याला एक क्लो पुरतो. तापमान तेच, माणूस तोच, गरज मात्र साडेसहावरून एकवर! मग हा पोशाख उणे दहाचा म्हणायचा, की आणखी कशाचा?

साडेसहा क्लोचा तोच कोट घालून तो चढत राहिला, तर अतिरिक्त उष्णता घामावाटे बाहेर टाकण्यावाचून शरीरापुढे पर्याय उरत नाही. हा घाम ताशी अर्ध्या लिटरहून अधिक भरतो. त्याची वाफ कोटातून वेळेत बाहेर गेली नाही, तर ती बाहेरच्या थंड थरांत पाणी होते, पुढे गोठते. माणूस माथ्यावर पोहोचून थांबतो, शरीराची भट्टी मंदावते आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या अंगावर ओला, उष्णता गळणारा पोशाख असतो. अनुभवी गिर्यारोहक चढाई सुरू करताना थोडी थंडी वाजू देतात, ते याचसाठी.

दुसरा प्रश्न हालचालीचा. गुडघा पूर्ण वाकवला, की त्यावरील त्वचा लांबीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताणली जाते. कापड तितके ताणले गेले नाही, तर प्रत्येक पावलाला स्नायूंना कापडाशी झुंजावे लागते. थरांवर थर चढवले, की ते एकमेकांवर घासतात. टायटलबॉम आणि गोल्डमन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बहुस्तरीय ध्रुवीय पोशाख घालून चालणे आणि तेवढेच वजन कमरेच्या पट्ट्यात बांधून चालणे यांची तुलना केली होती. वजन समान असूनही पोशाखामुळे ऊर्जाखर्च सरासरी सोळा टक्के अधिक आला. हा दंड वजनाचा नव्हे, अडथळ्याचा होता. विरळ हवेत, जेथे प्रत्येक श्वास मोजून मिळतो, तेथे सोळा टक्के ही क्षुल्लक बाब नव्हे.

यावर तोडगे आहेत. अंगालगत ओलावा शोषून पुढे सरकवणारा ताणक्षम थर, मध्ये हवा धरणारा हलका थर, वर वारा अडवणारे पण वाफ सोडणारे कवच. काखेत उघडता येणारी चेन. गुडघ्याशी आधीच वाक दिलेली बेतणी. आपला शिंपी कुडत्याच्या काखेत चौकोनी तुकडा जोडतो, तोही याच विचाराने, की हात वर उचलताना अंगरखा ओढला जाऊ नये.

डीआरडीओला हे ठाऊक नाही, असे मुळीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तिने आपल्या आधीच्या त्रिस्तरीय पोशाखाचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिले. तेव्हाच्या निवेदनात अधिक पंधरा ते उणे पन्नास अंश ही मर्यादा थरांच्या निरनिराळ्या जुळण्या आणि श्रमाची तीव्रता यांच्याशी जोडलेली होती. निर्बंध हालचालीचा आणि घाम शोषण्याचाही तीत उल्लेख होता. परंतु हे गुण शब्दांत आले, आकडा लाभला तो फक्त तापमानाला. ज्याला आकडा असतो, त्याचीच निविदेत तुलना होते. ज्याला नसतो, ते विशेषण होऊन राहते.

हा केवळ प्रयोगशाळेतला वाद नाही. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रे जबलपुरात आहेत. या शहरात घडलेले जवान पुढे हिमरेषेवर उभे राहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या कॅगच्या अहवालाने अतिउंचीवरील सैनिकांच्या वस्त्रसामग्रीच्या खरेदीतील विलंबावर आणि जुन्या प्रकारच्या वस्तूंवर बोट ठेवले होते. खरेदीचा प्रश्न प्रशासकीय खराच. पण नवे जुन्यापेक्षा चांगले कशात, हे मोजून सांगता येत नसेल, तर जुनेच पुन्हा घेतले जाणे स्वाभाविक ठरते.

खेळाडूंचेही तेच. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य व २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून आला. पहाऱ्यावरचे शरीर आणि शर्यतीतले शरीर यांचे भौतिकशास्त्र एकच. जबलपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा एक आकडी होतो आणि भल्या पहाटे भरतीच्या १.६ किलोमीटर धावेचा सराव करणारी मुले सुती बनियनवर जाड स्वेटर चढवून धावताना दिसतात. घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही. त्यांना उणे साठचा पोशाख नको. पातळ, ताणक्षम, लवकर वाळणारा एक थर हवा, आणि तो परवडेल अशा दरात.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून विकसित होणाऱ्या प्रत्येक उबदार पोशाखासोबत चार आकडे प्रसिद्ध व्हावेत: स्थिर अवस्थेतील क्लो, चालतानाचा क्लो, वाफेला होणारा रोध आणि पोशाखामुळे वाढणारा ऊर्जाखर्च. उष्णता व वाफेचा रोध मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. दिलेल्या थंडीत, दिलेल्या श्रमाला किती क्लो लागतात, हे काढण्याचेही मानक आहे. चौथा आकडा श्वासातील ऑक्सिजन मोजून मिळतो. यात गोपनीयतेचा मुद्दा निघेल. विणीची रचना आणि लेपाची कृती खुशाल गुप्त ठेवावी. पण जाकीट किती ऊब धरते आणि पाय किती अडवते, हे बाजारात विकत घेतलेल्या नमुन्यावरूनही कोणालाही मोजता येते. ते दडवून शत्रूचे काही बिघडत नाही, आपल्याच अभियंत्यांचे आणि क्रीडा-प्रशिक्षकांचे बिघडते.

हिमकवचाबद्दल शास्त्रज्ञांचे अभिनंदन करावेच. आणि त्याच दमात विचारावे: हे घालून जवान किती वेगाने चढतो, आणि माथ्यावर थांबल्यावर त्याची पाठ कोरडी असते काय?