रॉजर कॉनर आणि कोणी न मोजलेला विक्रम

बेब रूथच्या आधी बेसबॉलमधला कारकिर्दीतल्या होमरनचा विक्रम कोणाच्या नावावर होता? भल्याभल्या अमेरिकन चाहत्यांची इथे विकेट पडते. उत्तर आहे रॉजर कॉनर. १८८० ते १८९७ अशी अठरा वर्षं खेळला, १३८ होमरन मारले.

१८ जुलै १९२१ ला रूथने १३९ वा मारला आणि कॉनर मागे पडला. पण तो आकडा कोणी मोजतच नव्हतं, त्यामुळे जल्लोष वगैरे काही नाही. कॉनर तेव्हा हयात होता बरं का! तो गेला १९३१ साली. पुढे १९७४ मध्ये हँक ॲरनने रूथचा ७१४ चा विक्रम मोडला, त्या गडबडीत लोकांना प्रश्न पडला, की रूथने मग कोणाला मागे टाकलं होतं? दोनच वर्षांत कॉनर हॉल ऑफ फेममध्ये!

आता त्याला 'रूथच्या आधीचा रूथ' म्हणायची फॅशन आहे. मला हे काही पटत नाही. हे म्हणजे टेबलात आजचा कॉलम घालायचा आणि त्यावर जुन्या ओळी सॉर्ट करायच्या. त्या काळी बऱ्याच मैदानांची कुंपणं पार लांब असायची. कितीही जोरात हाणला तरी चेंडू मैदानातच, मग पळा! अशा खेळात ताकद दिसायची ती ट्रिपलमध्ये, म्हणजे एका फटक्यात तिसऱ्या बेसपर्यंत पोचण्यात. कॉनरचे ट्रिपल २३३. इतिहासात पाचवा क्रमांक! रूथचे १३६. सहा फूट तीन इंचांचा हा धिप्पाड गडी नुसता हाणत नव्हता, धावतही होता.

होमरनमध्ये तो नॅशनल लीगमध्ये एकाही मोसमात पहिला आला नाही. पहिला आला तो १८९० मध्ये, खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून काढलेल्या प्लेयर्स लीगमध्ये, १४ होमरन मारून. ती लीग एका वर्षात बंद पडली. असो.

आणि १८८१ चा तो फटका! ट्रॉयकडून वूस्टरविरुद्ध, शेवटची इनिंग, दोन बाद, तीन धावांनी मागे, तिन्ही बेस भरलेले. कॉनरने होमरन मारून सामना जिंकून दिला. मेजर लीगमधला हा पहिला ग्रँड स्लॅम मानतात. अशा माणसाच्या वॉटरबरीतल्या थडग्यावर २००१ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता.